मेटल डिटेक्टरची घरच्या घरी तुलना: हवेतला आकडा, चिरे आणि खारे पाणी

खोक्यावर छापलेला ‘नाणे अमुक इंच खोल’ हा आकडा सहसा हवेतला, म्हणजे मधे माती नसतानाचा असतो. गोव्यात पायाखाली एकतर चिऱ्याची (जांभा दगडाची) तांबडी माती असते, नाहीतर खारट ओली वाळू, आणि या दोन्ही ठिकाणी हवेतला पहिला नंबर शेवटचा येऊ शकतो. म्हणून दोन डिटेक्टरांची तुलना तीन टप्प्यांत करायची: आधी हवेत, मग चिऱ्यांवर, मग खाऱ्या पाण्यावर. हवेतली चाचणी फुकट नाही जात. यंत्र धडधाकट आहे का, कुठल्या धातूला ते कसे ओळखते, हे तिथेच कळते. फक्त तिच्यावर थांबू नका.

जागा

स्लॅबच्या फ्लॅटपेक्षा मंगळुरी कौलांचे, लाकडी वाशांचे जुने घर या कामाला बरे. स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते आणि जमिनीपासून एक मीटरवर धरलेल्या कॉइललाही, म्हणजे यंत्राच्या टोकाच्या शोधक थाळीलाही, ती जाणवते. पणजी-पर्वरीच्या फ्लॅटमध्येच करायचे असेल तर कॉइल उभी करा, म्हणजे तिचे तोंड खोलीच्या मोकळ्या बाजूकडे राहील, आणि लोखंडी खाट, फ्रिज, खिडकीचे ग्रिल यांपासून निदान दीड मीटर लांब राहा. टेबल प्लास्टिकचे घ्या. लाकडी टेबलात खिळे असतात आणि ते नेमके कॉइलच्या खालीच निघतात.

विजेचा गोंधळ हा दुसरा शत्रू. एलईडी दिवे, पंख्याचा रेग्युलेटर, इंडक्शन शेगडी आणि सगळ्यात वाईट म्हणजे इन्व्हर्टर. हे सगळे बंद करायला मेन स्विच खाली करणे सोपे. पण मेन बंद केल्याबरोबर इन्व्हर्टर आपोआप चालू होतो हे विसरू नका, तो वेगळा बंद करा. मोबाइल एअरप्लेन मोडवर, दोन मीटर दूर. तुलनेतला दुसरा डिटेक्टर नुसता बाजूला ठेवू नका, बंद करून ठेवा. दोन चालू यंत्रे एकमेकांना ऐकतात आणि दोष तिसऱ्यावरच जातो.

मग यंत्र चालू करून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्या. नॉइज कॅन्सल किंवा चॅनेल बदलायची सोय असेल तर ती आता वापरा. कॉइल स्थिर ठेवून पूर्ण एक मिनिट ऐका. खरखर येत असेल तर कॉइल जागच्या जागी नव्वद अंशांत फिरवून पाहा, बऱ्याचदा एका दिशेला ती शांत होते. ती दिशा खडूने आखून घ्या आणि दोन्ही यंत्रे त्याच दिशेला ठेवा.

नाणी निवडताना चुंबक हवा

परदेशी माहिती वाचून लोक खिशातला रुपया काढतात आणि ‘हा डिटेक्टर कधी लोखंड म्हणतो, कधी चांदी म्हणतो’ अशी तक्रार करतात. दोष यंत्राचा नाही. आजचे एक आणि दोन रुपयांचे नाणे फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे आहे, म्हणजे चुंबकाला चिकटणारे. सपाट गोल पोलादी चकतीत प्रवाह घेराभोवती छान फिरतो, त्यामुळे ती लोखंड असूनही एखाद्या कोनातून चांगल्या धातूसारखी बोलते. बियरच्या बाटलीची झाकणेही याच कारणाने किनाऱ्यावर सगळ्यांना फसवतात.

तेव्हा चाचणीची नाणी चुंबकाने निवडा. २०११च्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे निकेल-पितळेचे, २३ मिमी व्यासाचे आणि ६ ग्रॅमचे; ते उत्तम. पण त्याआधी काही वर्षे पाच रुपये स्टीलमध्येही आले, म्हणून प्रत्येक नाण्याला चुंबक लावाच. दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे २७ मिमीचे, ७.७१ ग्रॅमचे, बाहेरचे कडे अॅल्युमिनियम-ब्राँझचे आणि आतला भाग क्युप्रोनिकेलचा (तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा). एकच नाणे सगळ्या यंत्रांसाठी वापरायचे, सारखेच दुसरे नाही. कुणाकडे आजोबांच्या डब्यात १९५८ नंतरचे पोर्तुगीज इस्कुदो असेल तर तेही क्युप्रोनिकेलचे आहे. जुन्या घरांच्या आसपास हेच निघायची शक्यता असल्याने नमुना म्हणून ते ठेवण्यासारखे आहे.

नाण्यांखेरीज हे जमवा: दोन इंची लोखंडी खिळे पाच, बियरचे झाकण एक, अॅल्युमिनियम फॉइलचा सुपारीएवढा चुरगळा, मासेमारीच्या जाळ्याचे शिसे, चांदीचे जोडवे, आणि घरातली एखादी सोन्याची अंगठी. सोने चाचणीला द्यायला जीव होत नसेल तर विजेच्या कामाची दीड चौरस मिमीची तांब्याची तार घ्या, ५७ मिमी तुकडा कापा आणि वाकवून कडे करा. व्यास सुमारे १८ मिमी होतो, म्हणजे अंगठीएवढा. अशी दोन कडी करा. एकाची टोके डाग देऊन पक्की जोडा, दुसऱ्याची टोके एक मिलिमीटर सुटी ठेवा. दोन्ही कडी एकाच कॉइलसमोर धरून पाहा: जोडलेले कडे ठणठणीत वाजते, सुटे जेमतेम. कड्यात प्रवाह गोल फिरायला वाट हवी. वाट तुटली की उरते ती फक्त तारेच्या जाडीएवढी जागा. सोन्याची बारीक साखळी का सापडत नाही याचे उत्तर हेच आहे. तिची प्रत्येक कडी यंत्राला वेगवेगळी दिसते, पूर्ण साखळी दिसतच नाही. साखळी विकत घेणाऱ्यासारखी हातात तोलून पाहू नका, हुकासकट पसरून कॉइलवरून फिरवा. बहुतेक वेळा आवाज येतो तो हुकाचा.

तांब्याचे कडे अंगठीचा खोलीचा अंदाज देते, ओळखक्रमांकाचा नाही. तांबे सोन्यापेक्षा चांगले वाहक असल्याने स्क्रीनवरचा आकडा वर जातो.

हवेतली चाचणी

बांबूची एक मीटर लांब कामटी घ्या आणि नाणे तिच्या टोकाला सेलोटेपने आडवे चिकटवा. हाताने नाणे धरले की बांगड्या, घड्याळ, अंगठी सगळेच मोजले जाते. कॉइलच्या तळाच्या मध्यापासून लाकडी किंवा कापडी फूटपट्टीने अंतर मोजा. स्टीलची टेप या कामाला नको. कॉइलवर प्लास्टिकचे कव्हर असेल तर अंतर त्याच्यापासून मोजा आणि दोन्ही यंत्रांना एकच नियम ठेवा.

जवळजवळ सगळे डिटेक्टर हालचाल असल्याशिवाय बोलत नाहीत. नाणे कॉइलच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने न्या आणि परत आणा. फार हळू नेले तर यंत्र ते पार्श्वभूमी समजून गिळून टाकते, फार जोरात नेले तर आवाज तुटतो. एकेक सेंटीमीटर मागे सरत जा. ज्या अंतरावर दहापैकी आठ फेऱ्यांत आवाज येतो ते अंतर वहीत लिहा. एकदा कुठेतरी ‘पीक’ ऐकू आले म्हणून तो आकडा धरू नका.

ऐकणाऱ्याला नाणे दिसता कामा नये, कारण डोळ्याने पाहिलेले नाणे कानाला आधी ऐकू येते. वीस चिठ्ठ्या करा, दहांवर ‘नाणे’, दहांवर ‘रिकामे’ लिहा, पिसा. कामटी धरणारा चिठ्ठी पाहून नाणे किंवा नुसती कामटी फिरवतो. ऐकणारा पाठ फिरवून बसतो आणि हो-नाही सांगतो. रिकाम्या दहांपैकी दोनपेक्षा जास्त वेळा ‘हो’ आले तर सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) जास्त चढवली आहे. एक पायरी उतरवा आणि पुन्हा सुरुवात करा.

सेन्सिटिव्हिटीचे आकडे वेगवेगळ्या कंपन्यांत जुळत नाहीत. एकाचा ८ आणि दुसऱ्याचा २० यांचा काही संबंध नाही. दोन्ही यंत्रे कारखान्याच्या सेटिंगवर एकदा मोजा आणि मिनिटभर शांत राहील एवढ्या जास्तीत जास्त सेटिंगवर एकदा. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूला गप्प करायची सोय) पूर्ण काढून ठेवा. बॅटऱ्या नव्या किंवा पूर्ण भरलेल्या. एकाला अल्कलाइन १.५ व्होल्टचे सेल आणि दुसऱ्याला उतरत्या चार्जचे १.२ व्होल्टचे, असे होऊ देऊ नका.

आता कॉइलबद्दल, कारण सर्वात जास्त अन्याय इथेच होतो. गॅरेटचा एस २५० साडेसहा किलोहर्ट्झवर, साडेसहा बाय नऊ इंची कॉइलवर चालतो. नोक्ताचा सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झवर, ११ इंची डीडी कॉइलवर (एकमेकांवर थोड्या चढलेल्या दोन डी-आकारी वेटोळ्यांची). या दोघांच्या खोलीत फरक पडला तर त्यातला बराचसा फरक कॉइलच्या व्यासाचा आहे. हिशोब सोपा आहे. गोल कॉइलच्या मध्यावर, त्रिज्येएवढ्या अंतरावरच्या नाण्याचा परतीचा इशारा कॉइलला टेकलेल्या नाण्याच्या आठव्या हिश्श्याएवढा उरतो. दुप्पट त्रिज्येवर सव्वाशेवा. तिप्पट त्रिज्येवर हजारावा. म्हणजे ११ इंची, २८ सेंमी व्यासाच्या कॉइलसाठी १४ सेंमीला एक अष्टमांश आणि २८ सेंमीला एकशेपंचविसांश. डीडी कॉइलला हे आकडे थोडे हलतात, पण चाल हीच.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. २८ सेंमीच्या पुढे प्रत्येक सेंटीमीटरला इशारा साधारण सहाव्या हिश्श्याने घटतो. आणि इशारा पकडायची ताकद दुप्पट असलेले यंत्र २८च्या जागी फक्त ३२ सेंमीपर्यंत पोचते. म्हणून ‘हा दोन सेंटीमीटर जास्त गेला’ हे ऐकायला किरकोळ वाटले तरी विजेच्या भाषेत तो चाळीस टक्के फरक आहे, आणि त्याच वेळी कामटी धरणाऱ्याचा हात एक सेंटीमीटर वरखाली झाला तरी तेवढाच गोंधळ होतो. तीन वेळा मोजा, मधला आकडा धरा. सेंटीमीटरभराच्या फरकावर कुणाला श्रेष्ठ ठरवू नका.

फ्रीक्वेन्सीचा भाग लक्ष्याप्रमाणे उलटतो. बारीक सोने, फॉइल, सुटे कडे हे १५-२० किलोहर्ट्झला चांगले दिसतात. जाड चांदी आणि तांबे कमी फ्रीक्वेन्सीलाही दणकून बोलतात. एकाच नाण्यावर तुलना केली की निकाल त्या नाण्यापुरताच राहतो.

खिळ्यांच्या शेजारचे नाणे

प्लायचा दीड फूट चौरस तुकडा घ्या, स्टेपल आणि बारीक खिळे नसलेला. मधोमध पाच रुपयांचे नाणे चिकटवा आणि दोन्ही बाजूंना एकेक खिळा, नाण्याच्या काठापासून १५ सेंमीवर. कॉइल दहा सेंमी उंच धरून फिरवा. नाणे स्वच्छ ऐकू येते तोवर खिळे १५ वरून १०, मग ५ सेंमीवर आणा. मग खिळ्यांची दिशा फिरवा: झुलवण्याच्या रेषेत एकदा, तिच्या आडवे एकदा. संथ झुलवा, मग झटपट झुलवा. ज्याचा रिकव्हरी वेग कमी आहे ते यंत्र खिळ्याच्या इशाऱ्यानंतर सावरायच्या आत नाण्यावरून निघून जाते.

हे करताना सगळे एकाच पातळीत असते आणि जमिनीत तसे कधीच नसते. म्हणून एक खिळा पाच सेंमी जाडीच्या थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून नाण्याच्या वर आणा आणि पुन्हा मोजा. महागड्या यंत्रांचेही चेहरे इथे उतरतात. पाडलेल्या घराच्या जोत्यावर शोधणाऱ्याने हवेतल्या खोलीपेक्षा या चाचणीला जास्त गुण द्यावेत.

चिरे

जांभा दगड लोहाच्या ऑक्साइडने भरलेला असतो. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांत तर मातीच खनिज आहे. या तांबड्या मातीत अतिसूक्ष्म चुंबकीय कण असतात. कॉइलचे क्षेत्र बंद झाल्यावरही ते क्षणभर उशिरा सुटतात. याचा परिणाम दुहेरी होतो. साध्या व्हीएलएफ यंत्राला (कमी फ्रीक्वेन्सीची सतत लहर सोडणाऱ्या नेहमीच्या प्रकाराला) जमीनच धातूसारखी भासते आणि नाण्याचा ओळखक्रमांक लोखंडाकडे घसरतो. आणि ‘पल्स इंडक्शनला (पीआय, म्हणजे झटका देऊन तो थांबल्यावर ऐकणाऱ्या यंत्राला) मातीचा त्रास नाही’ हा समज इथे खोटा ठरतो. ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा इशारा वजा करायची सोय) नसलेले साधे पीआय याच उशिरा सुटणाऱ्या कणांवर गुणगुणत राहते.

तपासायला सहा चिरे पुरतात. जमिनीवर तीन लाकडी पट्ट्या ठेवा, खिळे नसलेल्या. त्यांवर लांबीने तीन आणि रुंदीने दोन असे चिरे आडवे मांडा. साधारण एक मीटर लांबीचा पट्टा तयार होतो. फटींत चिऱ्याचाच चुरा भरा, नाहीतर प्रत्येक सांध्यावर खोटा आवाज येईल. चिऱ्याची जाडी मोजून घ्या, ती गावोगाव बदलते. पट्ट्यांमुळे खाली जी फट राहते तिच्यातून कामटीला चिकटवलेले नाणे आत सरकवता येते.

कॉइल पट्ट्यावर ठेवून वरखाली करत ग्राउंड बॅलन्स करा आणि आलेला आकडा लिहा. नाणे नसताना दहा झोके घ्या, खोटे आवाज मोजा. मग नाणे सरकवा. झोका पट्ट्याच्या आतच संपला पाहिजे. कॉइल चिऱ्याबाहेर गेली की दगडाचा काठच धातूसारखा वाजतो. कॉइलची उंची चिऱ्यापासून सेंटीमीटरने वाढवत आवाज कुठे सुटतो ते पाहा. चिऱ्याची जाडी अधिक उंची म्हणजे या मातीतली खोली. हवेतल्या आकड्यातून ती वजा करा. ज्याची घट कमी तो गोव्याच्या डोंगराळ भागाला योग्य.

इथे एक चूक वारंवार होते. कॉइल चिऱ्यावर स्थिर ठेवून खालचे नाणे हलवतात. मग निकाल हवेसारखाच छान येतो, कारण यंत्र न हलणारा इशारा स्वतःच काढून टाकते आणि स्थिर चिरा त्यातच जातो. प्रत्यक्षात कॉइल हलते आणि जमिनीचा इशाराही तिच्याबरोबर हलतो. नाणे स्थिर, कॉइल हलती, असेच करा.

परसात जागा असेल तर ४० मिमीचा पीव्हीसी पाइप जमिनीशी ३० अंशांच्या उतारात पुरा. नाणे कामटीवर सपाट बसवून आत ढकला. उतारावर जेवढे आत गेले त्याच्या निम्मी उभी खोली. ४० सेंमी आत म्हणजे २० सेंमी खोल. माती विस्कटलेली नसते, ही याची मोठी जमेची बाजू. पण रिकाम्या पाइपवरून आधी झोका घ्या: खनिजयुक्त मातीतली पोकळीही वाजते, तो आवाज नाण्याचा समजू नका. एप्रिलमधल्या सुक्या आणि जुलैमधल्या भिजलेल्या जमिनीचे आकडे वेगळे येणारच, त्यामुळे दोन्ही यंत्रे एकाच दिवशी लावा.

खारे पाणी

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. किनारा जवळ असेल तर कॅन भरून आणा. नसेल तर २० लिटर पाण्यात ७०० ग्रॅम मीठ विरघळवा. आगरवाडा, नेरूल, रायबंदरच्या मिठागरांतले जाडे मीठ स्वस्त पडते. निदान ६० सेंमी रुंद प्लास्टिकच्या टबात सातआठ सेंमी पाणी भरा. कॉइल पाण्यापासून ५ सेंमीवरून १५ सेंमीपर्यंत उचला, पुन्हा खाली आणा. एकाच फ्रीक्वेन्सीचे यंत्र इथे ओरडते, कारण खारे पाणी स्वतः वाहक आहे. माइनलॅबच्या इक्विनॉक्ससारखी मल्टीफ्रीक्वेन्सी यंत्रे बीच मोडमध्ये बरीच शांत राहतात. यंत्र शांत होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवा आणि त्या सेटिंगवर हवेतली चाचणी परत करा. तो आकडा म्हणजे कोळवा-कळंगुटच्या ओल्या पट्ट्यातली खरी ताकद.

निव्वळ पाणी ओल्या वाळूपेक्षा कडक परीक्षा आहे, तेव्हा इथे थोडी कुरकुर चालेल. पीआयमध्ये डिलेचे (झटका थांबल्यापासून ऐकायला लागेपर्यंतच्या वेळेचे) बटण असेल तर तो १० मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवून पाहा. मिठाचा इशारा त्याच्या आत मरतो, पण बारीक साखळीचाही मरतो. तेच सुटे कडे पुन्हा लावून किंमत किती मोजावी लागते ते बघा.

पाण्यात बुडवताना कॉइल जलरोधक असणे आणि स्क्रीन-बटणांचे खोके जलरोधक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माहितीपत्रक वाचा. कॉइल दहा मिनिटे बुडवून ठेवा आणि नंतर न हलवताच खरखर वाढते का ऐका. वाढली तर केबलच्या तोंडाशी पाणी शिरते आहे. चाचणीनंतर गोड्या पाण्याने धुवा.

वापरलेले यंत्र घ्यायला गेलात आणि वेळ पंधरा मिनिटेच असेल, तर खिशात एक चुंबक, पाच रुपये, दोन तांब्याची कडी आणि एक खिळा ठेवा. केबल कॉइलच्या तोंडाशी हलवून आवाज तुटतो का पाहा, मग नाणे हवेत मोजा, मग अंगणातल्या एखाद्या चिऱ्यावर ग्राउंड बॅलन्स होते का बघा. होत नसेल तर किंमत किनाऱ्यावरच्या यंत्राची लावा. जुन्या गोव्याच्या संरक्षित परिसरात नेऊन ‘जरा खणून बघू’ म्हणू नका; परवानगीशिवाय तिथे खणणे प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे.